रिकाम्या खोलीचे श्रोते

दातवाल्याचं जे काही जगभर ऐकलं गेलं, त्यात त्याने वाजवलेला एकही सूर नव्हता. ही गोष्ट त्याला कळली ती एका बिलामुळे.

दातवाला हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण सगळे त्याला त्याच नावाने ओळखत. तो दातांचा डॉक्टर नव्हता. डॉक्टरमंडळी पेशंटच्या तोंडाचे साचे घेऊन त्याच्याकडे पाठवत आणि घराच्या मागच्या खोलीत बसून तो त्यांवरून कवळ्या बनवत असे. त्या खोलीच्या तीन भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर ओळीने प्लास्टरचे जबडे मांडलेले. कुणाचा वरचा, कुणाचा खालचा, कुणाचा दोनच दात शिल्लक असलेला. नवखा माणूस दारातच थबकायचा. दातवाल्याची लेक लहान असताना त्या जबड्यांना ‘पब्लिक’ म्हणायची, कारण संध्याकाळी काम आटोपलं की बाप त्यांच्यासमोर बसून ॲकॉर्डियन वाजवायचा आणि ते सगळे बिचारे आ वासून ऐकायचे.

वाजवणं आपलं हौशीच होतं. कुणाकडे शिकला नव्हता, कुणी शिकवलंही नसतं. एका डॉक्टरने पैशांऐवजी जुना ॲकॉर्डियन गळ्यात मारला होता, तो याने खरोखरच गळ्यात अडकवला, झालं. पण चाली स्वतःच्या रचायचा, आणि त्या रेकॉर्ड करताना मात्र कवळीला पॉलिश करतानाची चिकाटी दाखवायचा.

रेकॉर्डिंगची वेळसुद्धा धंद्यानेच ठरवून दिली होती. दिवसाचं शेवटचं काम म्हणजे साच्यांमध्ये प्लास्टर ओतायचं. ते घट्ट होईपर्यंत टेबलाला साधा धक्काही लागता कामा नये, नाहीतर जबडा वाकडा येतो आणि कवळी म्हाताऱ्या हिरड्यांना टोचत राहते. म्हणून तेवढा वेळ खोलीत सगळं चिडीचूप: मोटर बंद, पंखा बंद, बोलणंसुद्धा बंद. दातवाला प्लास्टरवर नजर ठेवून बसायचा आणि माइक चालू करून रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करून घ्यायचा. घरी रेकॉर्डिंग करणारे सगळेच हे करतात. खोलीची स्वतःची एक घरघर असते. तिचा नमुना कॉम्प्युटरला दिला की तो नंतर वाजवलेल्या चालीतून ती घरघर पुसून टाकतो. बाकीच्यांना त्यासाठी अर्धं मिनिट पुरतं. हा मात्र प्लास्टर पुरतं घट्ट होईपर्यंत माइक चालू ठेवायचा. माणूस पडला कवळीवाला. अर्धवट आळलेल्या गोष्टीवर त्याचा विश्वासच नव्हता.

चाली तयार झाल्या की त्या एका वेबसाइटवर जायच्या. ते खातं लेकीने काढून दिलं होतं. दरवर्षी पैसे भरायचे, आपलं संगीत तिथे ठेवायचं, मग जगातल्या कुणीही ते ऐकावं. दातवाल्याला हा व्यवहार सुरुवातीला उफराटाच वाटला होता.

“म्हणजे घाम गाळायचा मी, वाजवायचं मी, आणि पैसेही मीच मोजायचे?”

“बाबा, ऐकणाऱ्यांना बसायला जागा नको का? त्या जागेचं भाडं आहे ते.”

जागेचं भाडं म्हटल्यावर त्याला पटलं. लोक मासे पकडायच्या गळावर खर्च करतात, सिगारेटींवर करतात. आपण यावर करू. दरवर्षी भाडं थोडं थोडं वाढायचं, तो थोडं थोडं कुरकुरायचा आणि भरून टाकायचा. श्रोते म्हणाल तर एक मावसभाऊ, भिडेखातर ऐकणारे एक-दोन डॉक्टर, आणि स्वतः तो. आपलं आपण ऐकलेलंही मोजलं जातं हे लेकीने सांगितलं, तेव्हा त्याने मोबाइलवर स्वतःच्या चाली ऐकणंच सोडून दिलं. उगाच खोटी शेखी नको.

आणि एके दिवशी कंपनीचा ईमेल आला. तुमच्या खात्यावर श्रोत्यांची गर्दी झाली आहे, त्याबद्दल अभिनंदन. आता तुम्ही हौशी राहिला नाहीत, व्यावसायिक झालात, तेव्हा महिनाअखेरीपर्यंत नव्या दराने पैसे भरा. नवा दर जुन्याच्या तिप्पट. कंपन्यांचं अभिनंदन हे नेहमी असं पाकीट काढायला लावणारं असतं. दातवाल्याला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी ईमेल चुकून आपल्याकडे आलाय. मग वाटलं, मावसभावाला वेड लागलं असावं.

महिन्याचा शेवटचा दिवस रविवार होता. लेक सकाळच्या बसने आली. दातवाल्याची बायको ड्युटीवर गेली होती. ती वीज कंपनीच्या तक्रारींच्या फोनवर बसायची, आणि लोकांची वीज काही रविवार पाळून जात नाही. लेकीने चहा पिता पिता कॉम्प्युटर उघडला आणि कप हातात तसाच धरून ती स्क्रीनकडे बघत राहिली.

“बाबा, ‘रिकामी खोली’ ही चाल कोणती?”

“ती चाल नाही. तो खोलीचा नमुना असतो. मी सगळ्या नमुन्यांना तेच नाव देतो.”

“मग तो वेबसाइटवर काय करतोय?”

दातवाल्याने डोकं खाजवलं. मागच्या वर्षी कधीतरी एका संध्याकाळी वाजवलेली चाल त्याला अजिबात आवडली नव्हती, म्हणून त्याने ती पुसून टाकली होती. तिच्या आधी घेतलेला नमुना मात्र तसाच राहिला असणार, आणि पुढच्या खेपेला सगळ्या फायली एकदम चढवताना तोही मुंडी खाली घालून सगळ्यांबरोबर गेला असणार. आता नावच असं होतं की कुणालाही ती एखादी रचनाच वाटावी.

“किती जणांनी ऐकलाय?” त्याने विचारलं.

लेकीने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. आकडा लाखांत होता. खाली जगाचा नकाशा होता आणि त्यावर ठिपके पसरले होते. दातवाल्याला माहीत नसलेल्या बेटांवर ठिपके, बर्फाळ टोकांवर ठिपके, समुद्राच्या मधोमधही एक ठिपका. तो म्हणे जहाजावरचा कुणीतरी. दातवाला खुर्चीत मागे टेकला. दुसऱ्यांना दात देणाऱ्या माणसाची दातखीळ बसली.

“हे सगळे लोक,” शेवटी तो म्हणाला, “आपल्या मागच्या खोलीत येऊन बसलेत?”

“रोज येतात, बाबा.”

लेक खालच्या प्रतिक्रिया वाचून दाखवू लागली. एका ट्रकवाल्याने लिहिलं होतं की गाडी थांबवली की तो हे लावतो आणि मगच डोळे मिटतो. धरणाच्या भिंतीलगत राहणाऱ्या कुणाच्या घरात पाण्याचा आवाज कधीच थांबत नव्हता. त्याने लिहिलं होतं, शांतता कशी असते ते मला इथे कळलं. एक परीक्षा देणारी मुलगी होती, एक रडक्या जुळ्यांचा बाप होता. दातवाला ऐकत होता आणि त्याच्या अंगावर काटा येत होता. मध्येच त्या काट्याच्या आत काहीतरी बोचलंही, ते कबूल करायला हवं. इतकी वर्षं भाता ओढून ओढून खांदे दुखवले ते मावसभावासाठी, आणि जगाला हवं काय, तर आपण गप्प बसलो होतो तेवढं!

“यावर उपाय काय?” त्याने विचारलं.

“तीन उपाय. एक, तिप्पट पैसे भरा.”

“शक्य नाही.”

“दोन, ‘रिकामी खोली’ काढून टाका. गर्दी गेली की तुम्ही परत हौशी. जुन्याच दरात तुमच्या सगळ्या चाली राहतील.”

“आणि तिसरा?”

“फुकटचा कोपरा. अर्ध्या तासाचं काहीही ठेवा, कितीही लोक ऐकू देत, मध्ये मध्ये कंपनी जाहिराती वाजवेल. पण मग बाकी सगळं उतरवावं लागेल.”

“मग यात विचार कसला करायचा? काढ ती खोली.”

लेकीचं बोट बटणाकडे गेलं आणि तिथेच अडकलं. “हे एक ऐका फक्त. एक बाई आहे, एकटी राहते. तिने लिहिलंय, ‘मी शेवटपर्यंत थांबते. शेवटी कुणीतरी श्वास सोडतं. तो ऐकला की वाटतं, घरात माणूस आहे.’”

“छे. कोण श्वास सोडणार? खोली रिकामी होती.”

“त्याच्याखाली लोक भांडतायत बघा. कुणी म्हणतं तो सुटकेचा श्वास आहे. कुणी म्हणतं, नाही, कुणीतरी कशाची तरी वाट बघतंय.”

“आण ते हेडफोन,” दातवाला म्हणाला.

त्याने आवाज वाढवला आणि डोळे मिटले. आधी काहीच नव्हतं. मग त्या काहीच-नसण्यातून त्याची खोली हळूहळू वर आली. नळाचं एक टपकणं, जे त्याला वाटत होतं त्याने कधीच दुरुस्त केलंय. लांबवर एक स्कूटर, किका मारून मारूनही सुरू न होणारी. भिंतीपलीकडे फ्रिजने घेतलेली उचकी. तो त्या खोलीत अर्धं आयुष्य बसला होता आणि ती त्याने आज पहिल्यांदा ऐकली. केवढी मोठी होती ती! एवढ्याशा जागेत एवढं सगळं राहत होतं आणि भाडं देत नव्हतं.

मग दाराची बिजागरी अगदी हळू बोलली. कुणीतरी जपून पाऊल टाकलं, कप टेबलाच्या कडेला ठेवला, तोही बशीचा आवाज होऊ न देता. कोपऱ्यातल्या स्टुलाने अंग सावरलं. त्यानंतर, नीट कान दिला तर, संथ श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. सुरुवातीला धापेचा, मग ठरत ठरत गेलेला. पार शेवटी, दातवाल्याच्या खुर्चीची करकर झाली, पट्टा खांद्यावर चढल्याचा चामड्याचा आवाज आला, आणि कोपऱ्यातून एक लांब, भरलेला श्वास सुटला. तिथेच रेकॉर्डिंग संपलं.

तो कुणाचा श्वास आहे हे सांगायला त्याला कुणी लागलं नाही.

ती ड्युटीवरून आली की चहा घेऊन मागच्या खोलीत यायची, हे त्याला माहीत होतं. प्लास्टर ओतलेलं असलं की पाठ तिच्याकडे आणि नजर साच्यांवर, त्यामुळे ती कप ठेवून जाते असंच तो धरून चालला होता. वाजवायला लागल्यावर डोळे मिटायची सवय. उघडले की ती कप विसळायला नेत असायची. म्हणजे ती जातच नव्हती. रोज त्या स्टुलावर बसून राहत होती.

त्याने दुसरे नमुने उघडले. कॉम्प्युटरमध्ये पडलेले जुने, अगदी पहिल्या वर्षापासूनचे. एकात शिंक दाबलेली. एकात बांगडी सरकवून वर केलेली, वाजू नये म्हणून. श्वास सगळ्यांत होता. मग त्याच्या लक्षात आलं की आपण या नमुन्यांचं काय करत आलो, आणि त्याने हेडफोन काढून ठेवले.

“बाबा? काय झालं?”

“कॉम्प्युटर नमुन्यातलं सगळं ओळखून घेतो ना? आणि चालीतून तेवढं पुसतो?”

“हो.”

“मग मी रोज तिलाच पुसत होतो.”

लेकीने खातं तसंच उघडं ठेवलं. बाहेर दुपार कलली तरी दातवाला खोलीतून हलला नाही. त्याला आता एकाच गोष्टीचा घोर लागला होता, आणि तो पैशांचा नव्हता. दिवसभर या बाईच्या कानात अख्खं शहर ओरडतं. वीज गेली, बिल चुकलं, तुमचा साहेब कुठे मेलाय. ती घरी येऊन या खोलीत बसते ती शांततेसाठी, हे उघड होतं. मग तो शेवटचा श्वास? आता संपली शांतता, आता हे सुरू होणार, म्हणून तर नव्हे? इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं की माझं वाजवणं तुला आवडतं का. न विचारलेलं बरं असतं, असं त्याला वाटायचं. आता विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बायको आली तेव्हा तिचा चेहरा पिळून काढलेल्या कपड्यासारखा झाला होता. एका भागात ट्रान्सफॉर्मर गेला होता.

“हे कानाला लाव जरा,” दातवाला म्हणाला.

“अहो, दिवसभर तेच लावून बसले होते. दया करा.”

“आई, लाव ना,” लेक म्हणाली. “यात कुणी ओरडत नाही.”

ती नाइलाजाने बसली. पाठ ताठ, एक हात कानाशी, दुसरा टेबलावर जणू आता तक्रार लिहून घ्यायचीय. थोड्या वेळाने तो हात सैल पडला. खांदे उतरले. लेकीने तिच्यासमोर नकाशा धरला आणि हलक्या आवाजात सांगितलं की हे सगळे ठिपके म्हणजे माणसं आहेत आणि ती याच क्षणी तुला ऐकतायत. बायकोने एकदा ठिपक्यांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि तोंडावर हात ठेवला. ज्या बाईचं जग कधी ऐकून घेत नव्हतं, नुसतं तिला ऐकवत होतं, तिचा श्वास ऐकायला इतके लोक थांबले होते. तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत, पुढे ऐकत राहिली.

दातवाल्याने मनातल्या मनात वेळ मोजली. आता बिजागरी. आता स्टूल. आता खुर्ची, पट्टा. आता तो श्वास. तो विचारणार होता, तोंडही उघडलं होतं.

“पुढचं कुठंय?” बायको म्हणाली.

“पुढचं म्हणजे?”

“अहो, इथे काय तोडलंत? स्कूटर सुरू होत नव्हती तो दिवस ना हा? त्यानंतर तुम्ही ते खालून वर चढत जाणारं वाजवलंत. मध्ये एकदा अडकलात, स्वतःवरच चिडलात आणि परत पहिल्यापासून सुरू केलंत. मी म्हटलं, चला, दोनदा ऐकायला मिळालं. ते कुठंय?”

दातवाल्याला ती चाल आठवत नव्हती. त्याने ती त्याच रात्री पुसून टाकली होती, कॉम्प्युटरमधूनही आणि डोक्यातूनही. “ती नाही राहिली,” तो कसाबसा म्हणाला. “बरी नव्हती झाली.”

“कोण म्हणतं?” असं म्हणून तिने हेडफोन काढून ठेवले आणि ती गुणगुणायला लागली.

तिचा आवाज काही गाण्यातला नव्हता. दिवसभर बोलून घसा बसला होता. पण सूर न् सूर जागच्या जागी होता. खालून निघून एकेक पायरी चढत वर गेलेला, वर पोचल्यावर जरा घुटमळलेला, आणि ज्या ठिकाणी तो अडकला होता त्या ठिकाणी ती अडकलीसुद्धा, अगदी तसंच जिभेने च् करून, आणि परत पहिल्यापासून. दातवाला थक्क होऊन ऐकत होता. ही चाल त्याने रचली होती, टाकून दिली होती, आणि ती या बाईपाशी सबंध वर्षभर सुखरूप होती. आणखी कितीतरी असतील. तिने सहज म्हणून विचारलंही, “आणि ती त्याच्या आदल्या आठवड्यातली, थांबत थांबत जाणारी? तीही टाकलीत की काय?”

त्याला आता काही विचारायची गरज उरली नव्हती. त्याने ॲकॉर्डियन उचलला.

“लेकी, माइक लाव.”

“नमुना घ्यायचा आधी?”

“नको.”

बायको उठायला लागली, तर त्याने तिला खांद्याला धरून परत स्टुलावर बसवलं, अगदी माइकच्या शेजारी. आज पहिल्यांदाच तो प्लास्टरच्या पब्लिककडे पाठ करून बसला. तिने गुणगुणायचं, त्याने मागोमाग बोटं शोधायची, असं ते चाललं. चुकत होतं, थांबत होतं. ती मध्येच हसली, तेही रेकॉर्ड झालं. संपल्यावर लेकीने विचारलं, “मग, ठरलं काय?”

“फुकटचा कोपरा घे. त्यात ती खोली ठेव आणि तिच्यापुढे हे जोड. बाकीचं सगळं उतरव.”

“अहो, सगळं?” बायको कळवळून म्हणाली. “इतक्या वर्षांच्या चाली तुमच्या! सगळ्यांत चांगल्या होत्या त्यातल्या कितीतरी. भरू की पैसे काहीतरी करून. का काढताय?”

दातवाल्याने पट्टा खांद्यावरून उतरवला.

“तुला पुसून केलेल्या आहेत गं त्या सगळ्या,” तो म्हणाला.

बायकोने स्टूल ओढून त्याच्या आणखी जवळ घेतलं, फरशीवर चांगला खर्रकन आवाज झाला, आणि लेकीने माइक अजून बंद केलेला नव्हता.